विमानात बसवून दिलेल्या रुग्णांविषयी

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,



गिरगावात वैद्यकीचा व्यवसाय करताना एक प्रसंग माझ्यावर आता वारंवार येऊ लागला आहे. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया मुंबईतल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात करून घेतलेली, तेथून डिस्चार्ज मिळालेली, परंतु परतीच्या विमानास अवकाश असल्यामुळे आसपासच्या गेस्ट हाउसात उतरलेली परदेशी व्यक्ती मळमळते, कणकण वाटते किंवा टाके दुखतात म्हणून जवळच्या डॉक्टरास बोलावते, आणि तो जवळचा डॉक्टर मी असतो. मस्कत, बगदाद, नैरोबी, लागोस अशा दूरदूरच्या शहरांतून आलेल्या या माणसांशी बोलताना, आणि ती परत गेल्यावर त्यांचे पुढे काय झाले असेल या विचाराने अस्वस्थ होताना, जी एक मागणी माझ्या मनात दृढ होत गेली, ती आपल्यापुढे आणि लोकांपुढे मांडावी म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ती मागणी अशी, की परदेशातून आलेल्या रुग्णाच्या मायदेशी त्याची पुढील देखरेख करण्यास कोणता डॉक्टर तयार आहे याची लेखी खातरजमा झाल्यावाचून या राज्यातील कोणत्याही रुग्णालयास ही शस्त्रक्रिया त्याच्यावर करण्याची मुभा असू नये, आणि त्या डॉक्टराच्या हवाली रुग्ण रीतसर करीपर्यंत रुग्णालयाची जबाबदारी संपली असे सरकारने मानू नये.

मी या शस्त्रक्रियेचा विरोधक नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. स्थूलता हा आळसाचा किंवा जिभेच्या लाडांचा परिणाम आहे, ही समजूत आपल्या समाजात, आणि खेदाने म्हणावे लागते की आमच्या व्यवसायातही, अद्याप खोलवर रुजलेली आहे. तिच्यापायी किती माणसांनी आयुष्यभर अपमान गिळले असतील याची गणती नाही. अमेरिकेत आयोवा येथे एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराची बायपास शस्त्रक्रिया प्रथम केली, तेव्हापासूनच्या अनुभवाने एवढे निर्विवाद सिद्ध झाले आहे की, अतिस्थूल रुग्णाचे वजन तिने घटते, अनेकांचा मधुमेह आटोक्यात येतो, श्वास सुधारतो आणि आयुष्य वाढते. १९९१ साली ठरलेली बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ४० ची, आणि सोबत मधुमेहादी विकार असल्यास ३५ ची, मर्यादा जगभरच्या तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२२ साली सरसकट ३५ वर आणली व आशियाई लोकांसाठी तर २७.५ इतकी खाली आणली. त्यामुळे या शस्त्रक्रियेस पात्र ठरणाऱ्या माणसांची संख्या पुष्कळच वाढली आहे. ज्यांच्या देशात हे कौशल्य असलेला शल्यचिकित्सक नाही, ज्यांच्या देशात तो आहे पण त्याची फी आवाक्याबाहेरची आहे, किंवा इंग्लंडप्रमाणे जेथे सरकारी रांगेत वर्षानुवर्षे तिष्ठावे लागते, तेथील माणसे विमानाचे तिकीट काढून इस्तंबूलला, मेक्सिकोतील तिहुआनाला किंवा आपल्या मुंबईला जाणारच, आणि त्यांनी जाऊ नये असे म्हणण्याचा नैतिक अधिकार मला तरी दिसत नाही. येथील शल्यचिकित्सकांचे हात कुशल आहेत, हेही मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

प्रश्न हातांच्या कौशल्याचा नसून काळाचा आहे. अपेंडिक्स काढल्यावर रोग संपतो, मोतीबिंदू काढल्यावर दृष्टी येते. परंतु आज सर्वाधिक केली जाणारी जी ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया, तिच्यात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश ते चारपंचमांश भाग उभा कापून काढून टाकतात आणि उरलेली अरुंद नळी स्टेपलच्या लांब ओळीने शिवतात. हे सर्व दीड-दोन तासांत आटोपते, दोन-तीन दिवसांत रुग्ण चालत घरी जातो, आणि खरा उपचार त्यानंतर सुरू होतो. स्टेपलच्या ओळीतून गळती होण्याचा संभव शेकड्यास एक-दोन इतकाच असला, तरी ती पहिल्या दिवशी न होता आठव्या, दहाव्या, कधी विसाव्या दिवशीही होऊ शकते. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका रुग्णालयात असतानापेक्षा घरी गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात अधिक असतो, आणि नेमक्या त्याच महिन्यात आपला रुग्ण विमानाच्या अरुंद आसनात तासन्‌तास पाय दुमडून बसतो. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या ज्या गोळ्या तो वर्षानुवर्षे घेत आला, त्या वजन उतरू लागताच अधिक होतात, आणि त्या वेळीच कमी करणारा कोणी नसेल तर त्याच गोळ्यांनी त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. वजन झपाट्याने घटताना पित्ताशयात खडे होतात. पुढे वर्षा-दोन वर्षांनी, शरीरातील साठा सरल्यावर, बी-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम यांची उणीव जाणवू लागते. पायांना मुंग्या येतात, हाडे ठिसूळ होतात, आणि त्या मुंग्यांचा मुंबईतल्या त्या जुन्या शस्त्रक्रियेशी काही संबंध असेल असे रुग्णाच्या गावच्या डॉक्टराच्या मनातही येत नाही.

यांतल्या एका गोष्टीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिच्यात मृत्यू आणि अपंगत्व दोन्ही आहेत आणि ती टाळण्यास काही रुपयांपलीकडे खर्च नाही. शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना आठवडेच्या आठवडे उलट्या होतात. अन्न पोटात ठरत नसले की थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, संपते. त्याचा शरीरातला साठा अवघ्या काही आठवड्यांचा असतो. मग रुग्णाला दोन-दोन दिसू लागते, चालताना तोल जातो, बोलण्यात विसंगती येते. अशा स्थितीत आपल्या गावच्या दवाखान्यात नेलेल्या रुग्णास, अशक्तपणा आहे म्हणून, कोणताही सद्हेतूचा डॉक्टर प्रथम ग्लुकोजचे सलाईन लावतो; आणि थायमिनचे इंजेक्शन न देता दिलेली ती साखर उरलेसुरले थायमिनही खर्ची घालून मेंदूची जी हानी करते, ती पुष्कळदा कधीच भरून येत नाही. ‘आधी थायमिन, मग ग्लुकोज’ एवढे चार शब्द त्या डॉक्टरास ठाऊक असते तर ते माणूस वाचते. परंतु त्याला ते सांगायचे कोणी? रुग्णाच्या हाती असलेल्या डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, बिलाचा क्रमांक आणि पंधरा दिवसांनी फेरतपासणीस येण्याची सूचना असते. पंधरा दिवसांनी तो झांझिबारात असतो.

अशाच एका गेस्ट हाउसात पूर्व आफ्रिकेतून आलेली एक शिक्षिका मला पाहावयास मिळाली. शस्त्रक्रियेला आठवडाही झाला नव्हता आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचे विमान होते. खोलीतल्या टेबलावर प्रोटीन पावडरचा डबा, रक्त पातळ ठेवण्याच्या इंजेक्शनांचे अर्धे रिकामे खोके आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर असते तसले तीस मिलिलिटरचे प्लॅस्टिकचे टोपण होते. त्या टोपणाने ती दर पंधरा मिनिटांनी पाणी मोजून घेत होती, इतकी आज्ञाधारक होती. पोट फारसे दुखत नव्हते, ताप नव्हता. डावा खांदा भरून आल्यासारखा वाटतो, झोप अवघडून झाली असेल, एवढीच तिची तक्रार. मी मनगट हाती घेतले तो नाडी मिनिटाला एकशे तीस चालली होती. ज्याने या शस्त्रक्रियेचे रुग्ण पाहिले आहेत त्यास हे सांगावे लागत नाही, की विनाकारण धावणारी नाडी आणि डाव्या खांद्याचे दुखणे ही गळतीची पहिली, आणि कित्येकदा एकुलती, खूण असते. तिच्या सोबत आलेल्या भावाने, हे उपचार ठरवून देणाऱ्या मध्यस्थास फोन केला; तो सांगू लागला की तिकीट बदलता येणार नाही, पॅकेज संपले आहे, आणि घरी जाऊन तपासून घ्यावे. मी तिला टॅक्सीत घालून तिच्या रुग्णालयाकडे नेले. सीटी स्कॅनमध्ये गळती निघाली, पुढचे कित्येक आठवडे तिला नळ्या लावून ठेवावे लागले, व्हिसाची मुदत वाढवण्यासाठी भावाला परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागल्या, घरच्यांना जमिनीचा तुकडा विकावा लागला. पण ती वाचली आणि आपल्या पायांनी घरी गेली. ती त्या पहाटे विमानात बसली असती, तर अरबी समुद्रावर, भूमीपासून हजारो फूट उंचीवर, तिचे काय झाले असते, आणि त्या मृत्यूची नोंद कोणत्या देशाच्या, कोणत्या खात्याच्या दप्तरात झाली असती, हा प्रश्न मी आपणास विचारतो.

या विषयाचे एक उदाहरण साऱ्या जगाने पाहिले आहे. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाची ईमान अहमद, जिचे वजन पाचशे किलोच्या आसपास सांगितले जात होते, जी पंचवीस वर्षे घराबाहेर पडली नव्हती आणि पक्षाघाताने जिची उजवी बाजू निकामी झाली होती, तिला ११ फेब्रुवारी २०१७ रोजी मालवाहू विमानाने मुंबईस आणण्यात आले. तिच्या व्हिसाची अडचण त्या वेळच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी स्वतः लक्ष घालून दूर केली होती. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात तिच्यासाठी वेगळी खोली सिद्ध करण्यात आली, पलंगासह तिला क्रेनने उचलून आत घेण्यात आले, आणि ७ मार्च रोजी तिची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. येथवर जे घडले त्यात मुंबईच्या वैद्यकाचे धैर्य आणि औदार्य दोन्ही होते. परंतु एप्रिलमध्ये तिच्या बहिणीने चित्रफीत प्रसिद्ध करून, ईमानची प्रकृती सुधारली नसून बिघडली आहे आणि वजन घटल्याचे आकडे खरे नाहीत, असा आरोप केला. रुग्णालयाने त्याचा ठाम इन्कार केला. आणि ४ मे रोजी ईमानला अबुधाबीच्या एका रुग्णालयात हलवण्यात आले, जेथे २५ सप्टेंबर रोजी वयाच्या सदतिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. तिच्या स्थूलतेच्या मुळाशी लेप्टिन या संप्रेरकाशी निगडित एक दुर्मीळ जनुकीय दोष असल्याचे येथे असताना केलेल्या तपासणीत आढळले होते. अशा दोषावरचे सेटमेलॅनोटाइड हे औषध त्या वेळी अमेरिकेत प्रायोगिक अवस्थेत होते आणि त्यास मान्यता मिळाली ती नोव्हेंबर २०२० मध्ये.

त्या वादात कोणाचे खरे होते याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. दुरून पाहणाऱ्या मला जे दिसले ते इतकेच, की शस्त्रक्रिया पूर्ण झाली म्हणजे उपचार पूर्ण झाला काय, रुग्णाला परत केव्हा पाठवावयाचे, कोणाच्या हाती सोपवावयाचे, आणि चालता येईपर्यंत येथेच राहण्याची कुटुंबाची अपेक्षा कोणी पुरी करावयाची, या प्रश्नांची उत्तरे दोन्ही पक्षांच्या मनात निरनिराळी होती. ईमानच्या वाट्याला निदान कॅमेरे आले, दोन देशांची सरकारे आली, तिसऱ्या देशातले रुग्णालय पुढे आले. गेस्ट हाउसात टोपणाने पाणी मोजणाऱ्या त्या शिक्षिकेच्या वाट्याला यांतले काहीही येत नाही.

आपल्या लोकांचाही येथे संबंध आहे. रत्नागिरी-रायगडकडची जी माणसे आखातात नोकरीस आहेत, ती महिन्याच्या रजेत गावी न जाता मुंबईत ही शस्त्रक्रिया उरकून परत कामावर रुजू होतात. मायदेशी शस्त्रक्रिया आणि परदेशी देखरेख, अशी त्यांची उलटी ओढाताण होते. त्यांनाही माझी मागणी तशीच लागू आहे.

इतर देशांत जे घडले तेही ध्यानात घेण्याजोगे आहे. तिहुआनात वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करून परतलेल्या अमेरिकन रुग्णांमध्ये, बहुतेक प्रतिजैविकांना दाद न देणारा स्यूडोमोनास जंतू आढळल्याचा इशारा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१९ च्या जानेवारीत दिला. २०२३ च्या आरंभी, भूक मंदावण्यासाठी जठरात बोटुलिनमची इंजेक्शने तुर्कस्तानात टोचून घेऊन आलेल्या जर्मनी व अन्य युरोपीय देशांतील रुग्णांना बोटुलिझमची बाधा झाल्याचे उघडकीस आले. ही दोन्ही प्रकरणे उघडकीस आली, याचे कारण रुग्ण ज्या देशांत परतले तेथे असे रोग नोंदवणारी, जुळवणारी आणि मूळ शोधणारी यंत्रणा जागृत होती. आपल्याकडे येणारे रुग्ण पुष्कळदा अशा प्रदेशांत परततात जेथे ही यंत्रणा दुबळी आहे. तेथे त्यांचे काही वाईट झाले तर त्याची वार्ता मुंबईस पोहोचत नाही, आणि वार्ता आली नाही म्हणून सर्व क्षेम आहे असा निष्कर्ष आपण काढतो.

आता कायद्याकडे वळतो. रुग्णालयांच्या नियमनाचा २०१० चा केंद्रीय कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. येथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमच चालतो, आणि २०२१ साली त्याखालील नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद त्यांत आली, ही स्तुत्य गोष्ट घडली. त्याच नियमांत परदेशी रुग्णांविषयी एक प्रकरण घालण्यास आपल्या खात्यास दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही. दिल्लीकडे जे मागावयाचे ते वेगळे आहे: दूरध्वनी-वैद्यकाविषयी २५ मार्च २०२० रोजी केंद्राने जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली, ती भारताच्या हद्दीबाहेरील सल्लामसलतीस लागू होत नाहीत. ज्या देशात ‘हील इन इंडिया’ म्हणून परदेशी रुग्णांना आवाहन केले जाते आणि ई-वैद्यकीय व्हिसा दिला जातो, त्या देशात, रुग्ण परत गेल्यावर त्याच्या शल्यचिकित्सकाने त्याच्याशी पडद्यावर बोलून गोळ्यांचा डोस बदलावा की नाही, याविषयी नियमच नसावा, ही उणीव राज्याच्या वजनदार शब्दानेच भरून निघेल.

माझ्या मागणीवर पहिला आक्षेप येईल तो असा, की नियम कडक केले तर रुग्ण इस्तंबूलला जातील. स्वतः तुर्कस्ताननेच २०१७ साली परदेशी रुग्ण घेणाऱ्या संस्थांवर अधिकृत दाखल्याची सक्ती केली आहे, हे आक्षेपकांनी पाहावे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: रुग्णाच्या गावी या शस्त्रक्रियेचा जाणकार असता तर तो येथे आलाच कशाला? पण पुढील देखरेखीस शल्यचिकित्सक लागत नाही. सहा महिन्यांनी रक्त तपासून पाहणारा, बी-१२ चे इंजेक्शन देणारा, नाडी मोजणारा आणि शंका आल्यास येथे फोन करणारा साधा फॅमिली डॉक्टर पुरतो, आणि तसा प्रत्येक तालुक्याएवढ्या गावात असतो. एवढाही जेथे नसेल, तेथील रुग्णासाठी शस्त्रक्रियेचा प्रकारच निराळ्या विचाराने निवडावा लागेल; आतडे वळवून केलेल्या बायपासात जीवनसत्त्वांची उणीव स्लीव्हपेक्षा अधिक होते, आणि ती भरून काढण्याची सोय जेथे नाही तेथे परतणाऱ्या माणसावर बायपास करावी काय, याचा निर्णय त्याचे वजन पाहून जसा घ्यावयाचा तसाच त्याचे गाव पाहूनही घ्यावयास हवा.

तरतूद करावी ती थोडक्यात अशी. व्हिसासाठी रुग्णालय जे पत्र देते, त्या पत्रातच मायदेशीच्या डॉक्टराचे नाव, पत्ता व संमती असावी. तीन आठवड्यांच्या आत रुग्णास विमानात बसवू नये, आणि त्या मुक्कामाचा खर्च मूळ रकमेतच धरलेला असावा, म्हणजे पॅकेज संपल्याची सबब कोणी सांगणार नाही. गुंतागुंत उद्भवल्यास तिच्या उपचाराची हमी विम्याने किंवा अनामत रकमेने आधीच घेतलेली असावी. मध्यस्थांची नोंदणी सक्तीची व्हावी आणि रुग्णालयाकडून त्यांना मिळणारी दलाली बिलावर स्वतंत्र दाखवावी. एक महिना, सहा महिने, एक वर्ष आणि पुढे दरवर्षी रुग्णाची विचारपूस करून तिची नोंद रुग्णालयाने ठेवावी, आणि त्या नोंदीचा वार्षिक तक्ता आपल्या खात्याकडे यावा, मृत्यूंसह.

या सर्वांत मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो तो हवाल्याचा कागद. डिस्चार्ज कार्डाऐवजी दोन पानांचा हा कागद रुग्णाच्या भाषेत आणि त्याच्या डॉक्टराच्या भाषेत असावा. जठराचा किती भाग काढला, नळी कोणत्या मापावर शिवली, गळतीची चाचणी केली किंवा नाही, काढलेल्या जठराचा सूक्ष्मदर्शक तपासणीचा निष्कर्ष काय, कोणती औषधे बंद केली आणि कोणती अर्ध्यावर आणली, कोणती जीवनसत्त्वे आमरण घ्यावयाची, स्त्री असल्यास वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा का टाळावयाची, हे सर्व त्यात नीट यावे. आणि अगदी वरच्या बाजूस, ठळक अक्षरांत, दोन वाक्ये असावीत: ‘नाडी एकशे वीसच्या वर असेल तर गळती समजून चाला’ आणि ‘उलट्या होत असतील तर आधी थायमिन, मग ग्लुकोज’. त्याखाली चोवीस तास उचलला जाणारा एक दूरध्वनी क्रमांक.

त्या कागदाचा एक मसुदा माझ्या अल्पमतीप्रमाणे तयार करून या पत्राच्या मंत्रालयाकडे पाठवलेल्या प्रतीस जोडला आहे. अरबी आणि स्वाहिली भाषांतरे माझ्याकडे आलेल्या रुग्णांच्या नातलगांनी मोठ्या आपुलकीने करून दिली आहेत. ती त्या-त्या देशाच्या मुंबईतील वाणिज्य दूतावासाकडून तपासून घ्यावीत. आपल्या खात्याने तज्ज्ञांची समिती नेमल्यास तिच्यापुढे येऊन माझ्या नोंदी, रुग्णांची नावे गाळून, सादर करण्यास मी केव्हाही तयार आहे.

कळावे,

आपला,
गिरगावातील एक वैद्यकव्यवसायी